शेकाट्याचं प्रतिबिंब ठेवावं की कापावं?

मुठाकाठ
नमस्कार मंडळी. पक्षी सप्ताहात (५ ते १२ नोव्हेंबर, म्हणजे मारुती चितमपल्ली सरांच्या वाढदिवसापासून पक्षीतज्ज्ञ सालिम अलींच्या वाढदिवसापर्यंत) आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये फोटोंचं छोटं प्रदर्शन लावतोय, माझ्या वाट्याला एक अख्खी भिंत आलीय. बाकीचे फोटो ठरले, एकावर मात्र गाडी अडलीय. उजनी जलाशयाकाठच्या भिगवणचा शेकाट्या (लांब पायांचा काळा-पांढरा पाणपक्षी), सकाळची वेळ, पाणी अगदी स्थिर. दोन फाइल आहेत. पहिली आडवी, लेन्सचा झूम ६०० एमएमला, पक्षी मोठा, लाल डोळा, गुलाबी पाय, पिसांचा पोत सगळं मस्त आलंय, पण खाली प्रतिबिंब मानेपर्यंत येतं आणि तिथं फ्रेम संपते. दुसरी झूम ४०० पर्यंत मागे घेऊन कॅमेरा उभा धरून काढलेली, त्यात पक्षी आणि प्रतिबिंब दोन्ही चोचीच्या टोकापर्यंत पूर्ण, पण पक्षी अर्थातच लहान.

म्हणजे माझ्यापुढे तीन रस्ते आहेत, पहिला आहे तसा लावायचा, पहिल्यातलं प्रतिबिंब पायाखालून क्रॉप करून टाकायचं, नाहीतर दुसरा लावायचा. घरच्यांनी पहिल्याला मत दिलं कारण पक्षी मोठा दिसतो. तुम्ही काय कराल, आणि मुख्य म्हणजे का, ते सांगा. या एका फोटोपुरतं नाही, यापुढं पाण्याकाठी बसल्यावर डोक्यात काय ठेवायचं ते मला शिकायचंय.

गोदाकाठ
दुसरा. यात विचार करण्यासारखं काहीच नाही असं मला वाटतं. शेकाट्याचं सगळं रूप त्याच्या पायांत आहे, आणि स्थिर पाण्यात ते पाय दुप्पट लांब होतात, वरून खाली एक सलग गुलाबी रेघ तयार होते, ती रेघ फोटोत आली नाही तर शेकाट्या पाण्यात उभा होता याचा उपयोग काय? पहिल्या फोटोत खालच्या पक्ष्याला डोकं नाही. बघणाऱ्याचा डोळा वरून खाली उतरतो, पाय, पोट, मान, आणि मग भिंत. तिथं तो अडखळतो आणि परत वर जाण्याऐवजी फोटोतून बाहेर पडतो.

आणि लहान दिसतो म्हणताय, पण थोडा हिशोब करा. समजा तुमचा कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, म्हणजे ६००० बाय ४०००. पक्षी आणि प्रतिबिंबाची जोडी फ्रेमच्या उंचीत ऐंशी टक्के बसवायची म्हटलं तर आडव्या फ्रेममध्ये जोडीला ३२०० पिक्सेल मिळतात, एकट्या पक्ष्याला १६००. तोच कॅमेरा उभा केला की जोडीला ४८००, पक्ष्याला २४००. नुसता कॅमेरा फिरवून पक्षी दीडपट मोठा. आमच्या नाशिकजवळच्या नांदूर मधमेश्वर अभयारण्यात थंडीत इतके लोक येतात, भारी लेन्सा असतात, पण कॅमेरा उभा धरणारे मोजकेच दिसतात, बाकीचे सगळे आडव्यात अर्धी प्रतिबिंबं घेऊन घरी जातात.

दुर्बीणवाले
गोदाकाठ, मत पटलं नाही, आणि मुठाकाठ ताई, तुमच्या घरच्यांचं अगदीच चूक नाही. पायाखालून क्रॉप करा आणि लावा.

हॉलमध्ये कोण येणारे? सोसायटीतली मुलं, आजीआजोबा, ज्यांनी शेकाट्या आयुष्यात पाहिला नाही. त्यांना त्याची सुईसारखी काळी चोच दिसू दे, लाल डोळा दिसू दे, उद्या मुळा-मुठेच्या काठी तो दिसला तर ओळखता येऊ दे. गेली काही वर्षं मी बघतोय, भिगवणचा फोटो म्हणजे वर एक पक्षी खाली एक पक्षी असं होऊन बसलंय, चित्रबलाक असो, चमच्या असो, राखी बगळा असो, सगळ्यांना एकच साचा. पाणथळीतले छोटे पक्षी तर आधीच ओळखायला अवघड, तुतवार म्हणू नका, टिलवा म्हणू नका, सगळे चिखलात चरणारे एकसारखे, त्यात पायाचा रंग, चोचीचा बाक, डोळ्यावरची पट्टी हे बघावं लागतं. तिथं निम्मी फ्रेम पाण्याला देऊन टाकली तर ओळखायला उरतं काय? ईबर्डवर (पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर) टाकताना मी सरळ घट्ट क्रॉप करतो, पाय तेवढे कापत नाही.

मुठाकाठ
दुर्बीणवाले काका, मुलांचा मुद्दा खरंच डोक्यात नव्हता. पण पायाखालून क्रॉप करून बघितलं आत्ता, तर शेकाट्या पाण्यातच नाही असं वाटतंय, पाय जिथं पाण्याला टेकतात तिथंच फ्रेमची कड येते. थोडं पाणी ठेवायचं म्हटलं की लगेच खाली उलटे पाय सुरू होतात. मग ते कुठवर ठेवायचे?

चिखल्या
हाच खरा प्रश्न आहे, कुठवर. माझं म्हणणं थोडं वेगळंय, जरा लांबण लागेल.

प्रतिबिंब दोन जातीचं असतं. एक आकाराचं आणि एक रंगाचं. पाणी स्थिर असेल तर खाली दुसरा पक्षी दिसतो, त्याला डोकं आहे, चोच आहे, डोळासुद्धा आहे, मग तो आपल्या मेंदूसाठी जवळजवळ जिवंत पक्षीच असतो आणि त्याला वरच्या पक्ष्याचेच नियम लागू होतात. वरच्या पक्ष्याची मान कापून कुणी फोटो लावेल का? नाही. मग खालच्याचीही नको. पण वाऱ्यानं पाणी हललेलं असेल तर आकार मोडतो, प्रतिबिंब उभ्या दिशेला ताणलं जातं, लाटांच्या पट्ट्यांत विखुरतं, आणि उरतो तो फक्त रंग. रोहितांचा (फ्लेमिंगोंचा) गुलाबी, चक्रवाकाचा नारिंगी, खंड्याचा निळा. हा रंग कुठंही कापा, कुणाला खटकत नाही, कारण तिथं कापण्यासारखा अवयवच शिल्लक नसतो. उलट असा रंग फ्रेमच्या कडेपर्यंत वाहत गेला तर जास्त चांगला दिसतो.

म्हणून अर्धं प्रतिबिंब वाईटच, हा सरसकट नियम मला मान्य नाही. व्ह्यूफाइंडरमध्ये बघताना मी एकच बघतो, खाली मला डोकं ओळखू येतंय का? येत असेल तर ते पूर्ण घ्यायचं, जमत नसेल तर पाय पाण्याला टेकतात त्याच्या थोडं खाली फ्रेम संपवायची, म्हणजे उलटे पाय नुसते सुरू झालेले दिसतील, पोट येणार नाही. पोट आलं की बघणारा डोकं शोधायला लागतो. ओळखू येत नसेल तर मोकळं रान.

तुमच्या पहिल्या फाइलला हे लावलं तर उलट्या पायांच्या वरच्या एक तृतीयांशापर्यंत ठेवून बघा. काकांना हवा तसा मोठा पक्षीही राहील आणि पाणीही राहील.

गोदाकाठ
चिखल्या +१, आकार आणि रंग हा फरक पटला. तरी या फोटोपुरतं मी दुसऱ्यावरच ठाम आहे, कारण स्थिर पाणी रोज मिळत नाही. ते मिळालेलं असताना पाय कापत बसायचे?

भिंग
धागा आवडला. थोडं प्रकाशशास्त्र सांगतो, कारण ठेवायचं की कापायचं हे पुष्कळदा आपण किती उंचीवर बसलोय यावरच ठरून गेलेलं असतं.

पाण्यावर सरळ वरून बघितलं तर ते फक्त २ टक्के प्रकाश परत पाठवतं. जसजशी नजर आडवी होत जाते तसतसं हे प्रमाण वाढतं. एक उदाहरण घेऊ. शेकाट्या १५ मीटरवर आहे, त्याच्या डोक्याची उंची साधारण ३५ सेंटिमीटर धरू. तुम्ही काठावर आडवे झालात, लेन्स पाण्यापासून ३० सेंटिमीटर वर. त्या डोक्याच्या प्रतिबिंबाचा प्रकाश पाण्याला जेमतेम अडीच अंशांनी घासून येतो आणि साधारण पाऊण प्रकाश परत येतो, म्हणजे प्रतिबिंब वरच्या पक्ष्यापेक्षा अर्धा स्टॉपही काळं नाही (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा होणं). आता तेच १५ मीटर, पण तुम्ही मनोऱ्यावर, लेन्स ३ मीटर उंचीवर. परत येतो फक्त पाव. प्रतिबिंब दोन स्टॉप काळं, आणि त्यात पाण्याचा स्वतःचा गढूळ रंग मिसळतो तो वेगळाच.

दुसरं, फोकस. पुष्कळांना वाटतं प्रतिबिंब पाण्याच्या पृष्ठभागावर असतं, तसं नाही. लेन्सच्या दृष्टीनं ते पक्ष्याइतकंच किंवा त्याहून किंचित लांब असतं. आडवं झाल्यावर हा फरक दीड सेंटिमीटरच्या आसपास, मनोऱ्यावरून १४. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर ६०० एमएम, अ‍ॅपर्चर एफ ६.३, १५ मीटर यात एकूण शार्प पट्टा साधारण २४ सेंटिमीटरचा, म्हणजे डोळ्याच्या मागे जेमतेम १२. वरून काढलेलं प्रतिबिंब मऊ का येतं ते यातून कळेल.

तिसरं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पक्षी पुष्कळदा पाण्यात नसतो, काठाच्या चिखलावर एखाद मीटर आत असतो. आडवं होऊन बघितलं तर त्याच्या पायांचा खालचा फक्त २ सेंटिमीटर भाग प्रतिबिंबातून गायब होतो. ३ मीटर उंचीवरून बघितलं तर खालचे २१ सेंटिमीटर जातात, म्हणजे शेकाट्याचे जवळजवळ अख्खे पाय गेले, खाली नुसतं पोट आणि डोकं तरंगतंय. असं प्रतिबिंब पूर्ण असून तुटकंच दिसतं. तेव्हा ते खुशाल कापा.

आणि पोलरायझर (पाण्यावरची चमक कमी करणारा फिल्टर) वापरणाऱ्यांसाठी एक. पाण्याच्या पातळीशी ३७ अंशांच्या आसपास त्याचा जोर सगळ्यात जास्त असतो. आडवं होऊन काढताना तो प्रतिबिंब फारसं घालवतही नाही आणि सुधारतही नाही, वर दीड-दोन स्टॉप प्रकाश खातो. काढून ठेवा.

मुठाकाठ
भिंग, हे सगळं वहीत उतरवून घेतलं. माझे दोन्ही फोटो नावेतून आहेत, लेन्स कडेवर बीनबॅगवर टेकवलेली, म्हणजे फार उंच नाही, म्हणूनच बहुतेक दुसऱ्यात खालचा डोळासुद्धा दिसतोय.

करमळीकार
गोंयहून नमस्कार. आमच्या करमळीच्या तळ्यावर हा प्रश्न वेगळ्याच तऱ्हेनं येतो. तिथं मोकळं पाणी कमी आणि कमळाची पानं, पाणवनस्पती जास्त. जांभळी पाणकोंबडी किंवा कमळपक्षी पानांवर चालतो तेव्हा प्रतिबिंब तुकड्यातुकड्यांत दिसतं, इथं पायाचा एक भाग, तिथं पोटाचा निळा डाग. पूर्ण हवंच म्हणून बसलो तर मला एकही फोटो मिळणार नाही. मग मी पानांकडे बघून फ्रेम ठरवते, एखादं पान जिथं प्रतिबिंबाला थांबवतं तिथंच माझी खालची कड. पानानं कापलेलं चालतं, फ्रेमनं कापलेलं खटकतं. हा माझा अनुभव.

आणि पक्ष्याचं नसलं तरी मागच्या झाडांचं प्रतिबिंब असतंच की! सकाळी हिरवं, संध्याकाळी सोनेरी. पक्षी अगदी लहान ठेवून त्या हिरव्यात सोडला तर मला ते जास्त आवडतं.

चिखल्या
करमळीकार ताई, पानानं कापलेलं चालतं, क्या बात है.

उजनीकर
मी भिगवणजवळचाच. नावेतून काढणाऱ्यांसाठी चार गोष्टी सांगतो. सगळ्यांना प्रतिबिंब पाहिजे असतं पण पाणी हलवतो आपणच. इंजिन चालू ठेवून पक्ष्यापर्यंत गेलं की नावेची लाट पुढं जाते आणि पक्ष्याच्या पायाशी पोचते, मग आरसा मोडला म्हणून लोक हळहळतात. नावाड्याला आधीच सांगा, दादा लांबूनच इंजिन बंद करा, पुढं बांबूनं सावकाश ढकला आणि थांबल्यावर कुणी उठू नका. लाट बसायला वेळ द्या. आमच्याकडे सकाळी लवकर वारा नसतो, ऊन चढलं की पाण्यावर सुरकुत्या यायला लागतात, त्यामुळे उशिरा येऊन प्रतिबिंब मागू नका.

अजून एक कळकळीनं सांगतो. रोहितांचा थवा पाण्यात शांत चरत असतो, माना खाली, त्यांची प्रतिबिंबं अशी सुंदर पडलेली असतात, आणि कुणीतरी म्हणतं, जरा उडवा ना, उडताना खाली प्रतिबिंब येईल. असं करू नका आणि कुणी करत असेल तर नाव फिरवायला सांगा. ते पोट भरायला आलेत. उन्हाळ्यात तर नदी सुरय (रिव्हर टर्न) पक्षी खडकाळ बेटांवर उघड्यावरच अंडी घालतात, तिथं लो अँगल मिळतो म्हणून उतरायचं नाही. पक्षी उठला की अंडी उन्हात पडतात.

दुर्बीणवाले
उजनीकर, हे प्रत्येक नावेवर लिहून लावायला पाहिजे.

गोदाकाठ
उडत्या पक्ष्याचा विषय निघालाच आहे तर, उडताना प्रतिबिंबाच्या मागे लागू नये असं माझं मत. पक्षी पाण्यापासून जितका वर, प्रतिबिंब तितकंच खाली, म्हणजे दोन मीटरवरून उडणारा सुरय असेल तर दोघांत चार मीटरचं अंतर, दोघं फ्रेममध्ये घ्यायचे तर दोघंही ठिपके. पंखाचं टोक पाण्याला लागेल इतका खाली आला तरच. याला सगळ्यात वरचा नमुना म्हणजे चंबळ नदीवरचा पाणचिरा (इंडियन स्किमर) पक्षी. त्याची खालची चोच वरच्यापेक्षा लांब, ती पाण्यात बुडवून तो पाणी चिरत जातो, तेव्हा खरी चोच आणि पाण्यातली चोच एका बिंदूवर टेकलेल्या असतात. तिथं प्रतिबिंब कापलं तर तो काय करतोय हेच कळणार नाही. दुर्बीणवाले काका, इथं तरी प्रतिबिंब हवं की नको?

दुर्बीणवाले
इथं हवं. पाणचिऱ्यात प्रतिबिंब त्याच्या जगण्याबद्दल काही सांगतं, म्हणून हवं. माझा आक्षेप नुसत्या सवयीनं घेतलेल्या प्रतिबिंबांना आहे. त्या न्यायानं शेकाट्याच्या पायांबद्दल तुम्ही जे लिहिलंत तेही पुन्हा वाचलं. लांब पाय हीच त्याची ओळख आहे, खोल पाण्यात उभं राहून चरता यावं म्हणूनच ते तसे आहेत, आणि प्रतिबिंबानं तीच ओळख ठळक होत असेल तर मुलांच्याही लक्षात राहील. ताई, माझं मत बदलतो, पण खाली चोच आणि डोळ्याचा एक छोटा क्लोज-अप वेगळा लावा.

नवखा_क्लिकर
मी नवीन आहे, राग मानू नका. दोन्ही फोटो एकाच पक्ष्याचे आहेत ना, मग दुसऱ्यातलं डोक्याचं प्रतिबिंब पहिल्याला खाली जोडलं तर? आता तर एआयनं फ्रेम खाली वाढवूनही मिळते.

चिखल्या
राग कशाला, विचारलंत ते बरं झालं. पण नको. निसर्ग विभागाच्या स्पर्धांमध्ये चित्रात काही घालणं, काढणं, हलवणं चालत नाही, क्रॉप चालतो. हॉलमधल्या प्रदर्शनाला नियम नसला तरी बघणारा तो फोटो खरा समजूनच बघतो, पाणी तेवढं शांत होतं असं तो मानतो. ते नव्हतंच तर का सांगायचं? प्रतिबिंबात तरंगणारी प्लास्टिकची पिशवी पुसण्याबद्दलही माझं हेच मत आहे. ती पिशवी त्या पाण्यात होती.

भिंग
शिवाय जोडलेलं पकडता येतं. प्रतिबिंब म्हणजे वरचा पक्षी उलटा करून चिकटवलेला नसतो, कॅमेरा पाण्याखाली तितकाच खोल ठेवून बघितल्यासारखं ते दृश्य असतं. वरून काढलेल्या फोटोत वरच्या शेकाट्याची काळी पाठ दिसते आणि खालच्यात पांढरं पोट जास्त दिसतं. दोन्हीकडे पाठ दिसली की समजायचं, घरी बनवलंय.

मुठाकाठ
ठरलं, दुसरा लावतेय. मुख्य कारण चिखल्यांचं, माझ्या पाण्यात डोकं अगदी ओळखू येतंय, तेव्हा ते कापायचं नाही. काकांच्या सूचनेप्रमाणं पहिल्या फाइलमधून फक्त डोकं आणि चोच क्रॉप करून शेजारी लहान प्रिंट लावेन. उभी प्रिंट १२ बाय १८ इंचांची सांगितलीय. आता शेवटच्या दोन शंका. वरती आणि खाली जागा सारखी सोडू का? आणि खालचं प्रतिबिंब जरा काळसर आहे ते उजळू का?

गोदाकाठ
जागा मी सारखी सोडतो, वरच्या डोक्यावर जेवढी तेवढीच खालच्या डोक्याखाली, कारण डोळा ती जोडी एकच आकृती म्हणून धरतो. पायांची रेषा बरोबर मधे आली तरी बिघडत नाही, मधे ठेवू नये हा नियम इथं सोडून द्या.

भिंग
उजळू नका. पाण्यातलं थोडं काळंच असतं आणि त्या काळेपणामुळेच वर कोणता आणि खाली कोणता ते कळतं. प्रिंटवाल्याला मात्र सांगा की पांढरं पोट उडता कामा नये. पुढच्या वेळी पांढरा पक्षी असेल, चमच्या, बगळा, तर उन्हात एक्सपोजर दोन तृतीयांश स्टॉप खाली घ्या. वरच्याची पिसं उडाली तर प्रतिबिंब कितीही छान येऊ दे, त्याचा उपयोग नाही.

खाडीपलीकडे
उशिरा आलो धाग्यावर. नवी मुंबईत राहतो, आमच्याकडे रोहित थंडीपासून मे पर्यंत असतात, पण खाडीत मला असं आरशासारखं प्रतिबिंब मिळतच नाही, सगळं तपकिरी. ठाणे खाडीत काही मार्ग आहे का?

उजनीकर
खाडीचं मला माहीत नाही बुवा, कुणी तिकडचं असेल तर सांगा.

चिखल्या
मी ऐरोलीहून नावेनं गेलोय. तिथं सगळं भरतीवर आहे, नावेच्या फेऱ्याही भरती बघूनच सोडतात. ओहोटीला रोहित चिखलावर पसरून चरतात, तेव्हा चिखलावर पाण्याचा पातळ थर असतो, त्यात रंग पडतो पण आकार नीट येत नाही, म्हणून तपकिरी दिसतं. तेव्हा रंगाचेच फोटो काढा, कुठंही कापा. आकार हवा असेल तर भरतीच्या वेळी सीवूड्स-नेरुळच्या तळ्यांकडे जा, खाडीतला चिखल पाण्याखाली गेला की थवे तिथं विसाव्याला येतात, पाणी आडोशाला असल्यामुळे कमी हलतं. भरतीचं वेळापत्रक बघून मोठी भरती सकाळच्या उन्हाच्या वेळेला येते तो दिवस निवडा, काठावरूनच बसा, आणि थव्यात कडेचा एखादा एकटा पक्षी शोधा. मधल्या पक्ष्यांची प्रतिबिंबं एकमेकांच्या पायांत अडकतात, ती सुटी करता येत नाहीत.

खाडीपलीकडे
धन्यवाद चिखल्या, येत्या रविवारची भरती बघतो. उभी फ्रेम घेऊ ना?

चिखल्या
एकटा असेल तर उभीच. मान खाली घालून चरत असेल तर आडवी चालेल, तेव्हा चोच पाण्यातच असते, दोन्ही डोकी मधे जवळ येतात आणि वर-खाली फक्त पाठीची कमान उरते.